बंधाऱ्यासारखी कारखान्याचीही पातळी रोज फळ्यावर लागावी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सध्या कोल्हापुरात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न एकच असतो, 'बंधारा किती फुटांवर आहे?' कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पावसाळाभर हा आकडा रोज वर्तमानपत्रात येतो, दर काही तासांनी मोबाइलवर फिरतो, आणि तो चार बोटे वाढला तरी शिरोलीला कामावर जाणारा माणूस घराबाहेर पडण्याआधी रस्त्याची चौकशी करतो. पातळी विचारा असे कोणाला सांगावे लागत नाही. आकडा समोर असतो, तो कशाने वाढतो हे माहीत असते आणि वाढला तर काय करायचे हेही ठरलेले असते.

ही गोष्ट मनात घोळत असतानाच गेल्या महिन्यातल्या ५ जूनची छायाचित्रे पुन्हा पाहण्यात आली. जागतिक पर्यावरण दिन १९७३ पासून पाळला जातो आणि आपल्या औद्योगिक वसाहतींतही तो आता चांगला रुजला आहे. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो वा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, त्या दिवशी फलक लागतात, रोपे लावली जातात, कामगारांना कापडी पिशव्या मिळतात, प्रतिज्ञा म्हटली जाते. या कार्यक्रमांविषयी माझ्या मनात जराही अनादर नाही. मी स्वतः अनेक वर्षे ते उभे केले आहेत. मात्र एका कास्टिंग कारखान्याच्या, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, मेंटेनन्स विभागात २७ वर्षे काढल्यावर, त्यातले काय टिकले आणि काय गणपतीपर्यंतसुद्धा पोहोचले नाही, याचा जो हिशेब माझ्याजवळ आहे तो आपल्या वाचकांपुढे, विशेषतः कारखानदार, कार्यालयप्रमुख आणि कामगार बंधू-भगिनींपुढे ठेवावा, असे मनापासून वाटते.

आरंभ चहाच्या कपापासून करतो. आमच्याकडे तीन पाळ्या मिळून पावणेदोनशे माणसे होती आणि चहा दिवसातून तीनदा व्हायचा, म्हणजे रोज पाचशेच्या वर कागदी कप उकिरड्यावर जात. हा कप कागदाचा म्हणून निर्धोक आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक त्याच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. म्हणूनच त्यातून चहा झिरपत नाही आणि म्हणूनच रद्दीवालाही तो घेत नाही. एका ५ जूनला व्यवस्थापनाने प्रत्येकाला कंपनीचे नाव कोरलेला स्टीलचा मग दिला. खर्च मोठा होता आणि हेतू अगदी प्रामाणिक होता. पहिला आठवडा सर्वांनी उत्साहाने मग वापरले. दुसऱ्या आठवड्यापासून अडचण दिसू लागली. फेटलिंग विभागाजवळ, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथे, हात धुण्यासाठी एकच नळ होता आणि चहाची सुटी दहा मिनिटांची. साठ माणसे त्या एका नळापाशी उभी राहत. हात वाळूने आणि काजळीने काळे झालेले, त्याच हातांनी मग विसळायचा, तो वाळवायला जागा नाही, म्हणून तसाच ओला लॉकरमध्ये टाकायचा. दोन दिवसांत मगाला दुधाचा आंबूस वास यायला लागला. तेव्हा चहावाल्याने पाहुण्यांसाठी म्हणून कागदी कपांची एक चळत आणून ठेवली. पुढे रात्रपाळीसाठी आणखी एक आली, आणि गणपती बसण्याच्या आत सगळा कारखाना पुन्हा कागदी कपांवर आला. कोणी नियम मोडला नव्हता आणि कोणाचा विरोधही नव्हता. कप कोण विसळणार, एवढाच प्रश्न ५ जूनला कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न दोन वर्षांनी कॅन्टीनमधल्या एका मावशींनी विचारला. नवीन वर्षाच्या नियोजनाच्या बैठकीत चहा घेऊन आल्या असताना पुन्हा मगांचा विषय निघाला, तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "साहेब, धा मिनटांत माणूस च्या पिणार का कप धुणार? मोजून गिलास द्या, मोजून परत घ्या, धुवायचं माझ्याकडं लावा." आम्ही तसेच केले. काचेचे अडीचशे पेले आणले, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पंचवीस-पंचवीस अशी त्यांची जागा ठरवली, कॅन्टीनमागे तीन नळांचा ओटा बांधला आणि कॅन्टीनच्या करारात दोन ओळी वाढवल्या: चहा पेल्यातच द्यायचा, आणि पेले धुण्याच्या दोन तासांचे वेगळे पैसे द्यायचे. कागदी कपांवर दरमहा होणारा खर्च वाचला, त्यातूनच ते पैसे निघाले. पुढे ठेकेदार बदलला, व्यवस्थापक बदलले, मी निवृत्त झालो, तरी ते पेले आजही चालू आहेत. कारण ते आता कोणाच्या उत्साहावर उभे नसून कॅन्टीनच्या करारात आहेत आणि तिथल्या एका माणसाच्या रोजच्या कामात आहेत.

दुसरा अनुभव विजेचा आहे. ज्या कारखान्यात हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे आहेत, तिथे कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून पुरवणारे यंत्र, हा विजेचा मोठा वाटेकरी असतो, आणि हवेची गळती डोळ्यांना दिसत नाही. चालू पाळीत ती ऐकूही येत नाही. मोल्डिंग मशीनचे धक्के आणि ग्राइंडरचा आवाज यांत सगळे बुडून जाते. एका सुटीच्या दिवशी दुरुस्तीसाठी मी एकटा शेडमध्ये गेलो होतो आणि फक्त कॉम्प्रेसर चालू होता. त्या शांततेत चारही बाजूंनी बारीक फुस्सकार ऐकू यायला लागले. मी साबणाचे पाणी आणि रंगाचा जुना ब्रश घेतला आणि एकेक जोड तपासत गेलो. कोअर मशीनच्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या यंत्राच्या, मागच्या कपलिंगला ब्रश लावताच तिथे लिंबाएवढा फेसाचा गोळा फुगला, फुटला आणि पुन्हा फुगला. संध्याकाळपर्यंत अशा एकेचाळीस जागा सापडल्या. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचे एक छिद्र असेल, तर तेवढ्यासाठी कॉम्प्रेसरवर साधारण तीन ते साडेतीन किलोवॅटचा भार सतत पडतो. म्हणजे दिवसाला सत्तर-ऐंशी युनिट. एखादे लहान कुटुंब एवढी वीज महिनाभर पुरवते. ते छिद्र बुजवायला पितळी कपलिंग, टेफ्लॉन टेप आणि अर्धा तास पुरतो.

ज्यांना आपल्या कारखान्याची गळती मोजायची आहे, त्यांना साधे मनगटी घड्याळ पुरेसे आहे. सुटीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करावा आणि तो किती वेळ लोडवर जातो, म्हणजे हवा भरतो, व किती वेळ रिकामा फिरतो, हे लिहून काढावे. दोन मिनिटे लोड आणि सहा मिनिटे रिकामा, असे घडत असेल तर आठपैकी दोन, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा चौथा हिस्सा निव्वळ गळतीत जातो आहे. शिवाय गळती थांबली की लाइनचा दाबही थोडा उतरवता येतो. एक बार दाब कमी केला तर कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी कमी होते.

आम्ही त्या एकेचाळीस जागांना पिवळ्या चिठ्ठ्या बांधल्या आणि तीन आठवड्यांत सगळ्या दुरुस्त केल्या. त्या महिन्याच्या बिलात फरक दिसला, साहेबांनी पाठ थोपटली, सूचनाफलकावर छायाचित्र लागले. ज्या मुलाने हे काम मनापासून केले, त्याला वर्षाच्या आत पुण्यात चांगली नोकरी मिळाली आणि तो गेला. जोडांची यादी त्याच्या वहीत होती, ती वहीही गेली. आठ महिन्यांनी मी पुन्हा ब्रश घेऊन फिरलो तेव्हा तीसच्या वर जागा फुसफुसत होत्या. हवेचे जोड यंत्राच्या हादऱ्यांनी ढिले होतातच, त्यात कोणाचा दोष नाही. दोष आमचा होता, कारण आम्ही ते काम मोहीम म्हणून केले. त्यानंतर आम्ही गळती तपासणी देखभालीच्या मासिक कार्डावर चढवली. ग्रीसिंग, बेल्टचा ताण, फिल्टर सफाई यांच्या खालीच एक ओळ: हवेची लाइन साबणपाण्याने तपासली, इतके जोड सापडले, इतके बदलले, सही. ग्रीसिंग जसे कोणी विसरत नाही, तसे तेही मग विसरले गेले नाही.

संपादक महोदय, आपल्या कारखान्यांनी हे आधी एकदा करून दाखवलेले आहे. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. पूर्वी सुरक्षेचेही असेच होते. सप्ताहात बिल्ले लागायचे, घोषवाक्यांच्या स्पर्धा व्हायच्या आणि दहा मार्चनंतर हेल्मेट खुंटीला टांगले जायचे. आज बऱ्याच चांगल्या कारखान्यांत चित्र वेगळे आहे. पाळी सुरू होताना पाच मिनिटांचे टूलबॉक्स टॉक, म्हणजे सुरक्षेवरचे बोलणे, होते, गेटवर अपघाताविना किती दिवस गेले याचा फलक असतो, बोटाला खरचटले तरी त्याची नोंद होते आणि सकाळच्या उत्पादन बैठकीत पहिला प्रश्न सुरक्षेचा असतो. कामगारांची मने एकाएकी बदलली म्हणून हे घडले, असे मला वाटत नाही. रोज विचारणारा माणूस ठरला, लिहायची जागा ठरली आणि आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला, म्हणून घडले. पर्यावरणाला मात्र आपण अजून बिल्ल्याच्या आणि घोषवाक्याच्या अवस्थेतच ठेवले आहे.

माझी सूचना इतकीच आहे की प्रत्येक कारखान्याने आणि मोठ्या कार्यालयाने गेटवरच्या सुरक्षा फलकाशेजारी राजाराम बंधाऱ्यासारखा एक फलक लावावा आणि त्यावर स्वतःची इशारा पातळी व धोका पातळी लिहावी. आकडे फार नकोत. कास्टिंग कारखान्याला एक टन धातू वितळवायला किती युनिट लागले, एक टन मालामागे पाणी किती लागले आणि शंभरातले किती जॉब, म्हणजे तयार नग, रिजेक्ट झाले, हे तीन पुरतील. पातळी ठरवायला बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागत नाही. आपल्याच मागच्या बारा महिन्यांची सरासरी काढावी, तिच्या थोडी वर इशारा आणि आणखी वर धोका धरावा. समजा भट्टीच्या मीटरवर टनामागे सरासरी ६२० युनिट पडत असतील, तर ६४० ला इशारा आणि ६७० ला धोका. आकडा इशाऱ्यावर गेला की सकाळच्या बैठकीत कारण विचारायचे: भट्टीचे झाकण उघडे राहिले होते का, धातू तयार होऊन साच्यांची वाट पाहत भट्टी तशीच तापत राहिली का, की भंगाराबरोबर वाळू-माती आत गेली?

यातला रिजेक्शनचा आकडा पर्यावरणाच्या फलकावर कशाला, असे अनेकांना वाटेल. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. रद्द झालेला एक टन माल पुन्हा वितळवायला पुन्हा पाच-सहाशे युनिट लागतात. त्याच्यासाठी लागलेली वाळू, ती घट्ट धरणारे बाइंडर, कोअर, ग्राइंडिंग आणि माणसाचे श्रम वाया जातात ते वेगळेच. उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत ज्या मोल्डरच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्याच्या, हाताला माल रिजेक्ट न होऊ देण्याचे कसब आहे, त्या माणसाने कधी पर्यावरणाची प्रतिज्ञा म्हटली नसेल, पण निसर्गाचे सर्वाधिक देणे तोच वाचवतो आहे. फलकावर त्याचा आकडा लागला तर हे त्यालाही कळेल आणि इतरांनाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ऑर्डर कमी असताना टनामागची वीज वाढते, कारण भट्टी गरम ठेवायला लागणारी वीज थोड्या मालावर पडते. पुराच्या महिन्यात, सणांच्या महिन्यातही ती वाढेल. म्हणून फलकावरचा आकडा कोणाला दंड करण्यासाठी वापरू नये. ज्या दिवशी त्याच्यावरून एखाद्या सुपरवायझरची वेतनवाढ अडेल, त्या दिवसापासून आकडा खोटा लिहिला जाईल, आणि खोट्या आकड्यापेक्षा कोरा फलक बरा. नदीची पातळी वाढली म्हणून बंधाऱ्यावरच्या माणसाला कोणी रागावत नाही; तो खरे सांगतो म्हणूनच आपण वेळेवर सामान माळ्यावर चढवतो.

या नोंदी नव्याने सुरू कराव्या लागतील असेही नाही. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार ज्या उद्योगांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, त्यांना दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे सर्वांच्या परिचयाचा 'फॉर्म पाच', भरावा लागतो, आणि त्यात उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे पाणी किती व कच्चा माल किती लागला, हे मागच्या वर्षाच्या तुलनेत लिहायचे असते. ही रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. पण तो फॉर्म बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सल्लागार भरतो, साहेब सही करतात आणि तो फायलीत जातो. ज्या माणसाच्या हातात पाण्याचा व्हॉल्व्ह आहे, त्याने तो कधी पाहिलेलाही नसतो. हेच आकडे दर महिन्याला काढून फलकावर लावले, तर सप्टेंबरची धावपळही वाचेल.

कार्यालयांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथले काम सोपे आहे. साधा छताचा पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास वीज खातो आणि कमी विजेच्या मोटारीचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास; पंखे जळतील तसे बदलत गेले तरी चार-पाच वर्षांत सगळे कार्यालय बदलून होते, फक्त खरेदी विभागाकडे तशी लेखी सूचना हवी. १ जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, आणि तापमान वाढवलेल्या प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असे केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. तरी आपल्याकडे १८ अंशांवर एसी लावून अंगात स्वेटर घालणारी माणसे मी पाहिली आहेत. जुने संगणक, यूपीएस, प्रिंटर जिन्याखाली साठवून ठेवू नयेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. झाडांविषयी तर एवढेच म्हणेन की रोप लावणाऱ्याचे नाव लिहितो, त्याच पाटीवर मार्च ते मे पाणी घालणाऱ्याचे नाव लिहावे.

वर्षभर प्रयत्न चालू ठेवणे म्हणजे वर्षभर एकच गोष्ट करत राहणे, असा अर्थ घेतला की माणसे कंटाळतात. शेतकरी बाराही महिने शेतीच करतो, पण ज्येष्ठात पेरणी, श्रावणात भांगलण आणि कार्तिकात सुगी. कारखान्यालाही आपल्या ऋतूंप्रमाणे वेगळे काम येते. पावसाच्या पाण्याचेच पाहा. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे हजार चौरस मीटरच्या शेडवरून, वाया जाणारे वजा केले तरी, वर्षाला आठ लाख लिटर पाणी मिळू शकते. त्यासाठीचे खरे काम मात्र मे महिन्यात असते. शेडच्या पन्हाळीत वर्षभराची धूळ, काजळी आणि पाला साचलेला असतो. तो काढला नाही, गाळणीची वाळू धुतली नाही, तर पहिल्याच वळवाने सगळा गाळ जलपुनर्भरणाच्या खड्ड्यात जाऊन खड्डा बुजतो आणि पुढे ते पाणी मुरत नाही. ५ जूनला उद्घाटन झालेले आणि दुसऱ्या वर्षी बुजलेले असे जलपुनर्भरणाचे खड्डे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहेत.

पुढचे काम पुराचे, आणि तेही पाऊस लागण्याआधीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. त्या दिवसांत आपण सर्वांनी माणसे आणि जनावरे हलवली, यंत्रांच्या मोटारी वर काढल्या. पण सखल भागातल्या वर्कशॉपमध्ये वापरलेल्या ऑइलचे पिंप, कूलंट, रंग आणि थिनरचे डबे कुठे होते, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. ते पाण्यात मिसळले की पाणी ओसरताना शेतात आणि नदीत जातात. घातक कचरा नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवू नये, असा २०१६ चा नियम आहेच. मे अखेरपर्यंत वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे पाठवून पिंप रिकामे करणे, उरलेले उंच कट्ट्यावर ठेवणे, हे आपल्या शहरातल्या कारखान्यासाठी कोणत्याही वृक्षारोपणाहून मोठे काम आहे. पंचगंगेचे पाणी आपल्या घाटावरून पुढे जाते तेव्हा ते संपत नाही. खाली इचलकरंजीत २०१२ साली आलेली काविळीची साथ आणि त्यात गेलेली माणसे आपण विसरता कामा नये.

आणि आश्विनात खंडेनवमी येते. या शहराच्या कामगाराला तिचे महत्त्व मी सांगायला नको. त्याच्या आधीचे दोन दिवस लेथ, ड्रिल, भट्टी, मोजमापाची हत्यारे धुऊन-पुसून, तेल लावून चकचकीत होतात, शेडचे कोपरे वर्षातून एकदा खरोखर उजेडात येतात आणि मग झेंडूच्या माळा चढतात. त्या साफसफाईत जे निघते त्याचे वर्गीकरण त्याच वेळी करता येते: लोखंडाचा चुरा वेगळा, पितळ-तांबे वेगळे, तेलकट चिंध्या वेगळ्या, ट्यूब आणि बॅटऱ्या वेगळ्या. आमच्याकडे आम्ही त्या दिवशी प्रत्येक यंत्राच्या पूजेबरोबर त्या यंत्राचे वर्षभराचे कार्डही पुढे ठेवायला सुरुवात केली होती. यंत्र किती वेळा बंद पडले, तेल किती गळले, हवा किती गळली. ज्याच्या हाताखाली यंत्र होते तो ते वाचून दाखवायचा. वाचताना माणसाचा आवाज बदलतो, हे मी ऐकले आहे.

हे सगळे मोठ्या कारखान्यांचे झाले, पाच-सहा माणसांच्या वर्कशॉपने काय करावे, असे उद्यमनगरातले माझे मित्र विचारतात. त्यांची अडचण खरी आहे; मालक स्वतःच मशीनवर उभा असतो, माल पोहोचवायलाही तोच जातो, त्याला आणखी एक वही कोणी सांगू नये. त्याने दर महिन्याचे वीज बिल आल्यावर त्याच्यावरच पेनाने लिहावे, या महिन्यात माल किती गेला आणि एका नगामागे युनिट किती पडले, आणि ते बिल खिळ्याला अडकवून ठेवावे. वर्षाअखेर बारा बिले शेजारी लावली की बाकीचे ते कागदच सांगतात. कंत्राटी कामगार सारखे बदलतात, त्यांना कसे शिकवायचे, हाही प्रश्न नेहमी येतो. जे काम कार्डावर आणि करारावर आहे, ते नव्या माणसाला पहिल्या दिवशीच कळते; जे केवळ साहेबांच्या भाषणात होते, ते त्याला कधीच कळत नाही.

चांगली सवय कोल्हापुरात रुजत नाही, असे मला कोणी सांगू नये. गणपती पंचगंगेतच विसर्जित करायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा असताना, आज हजारो कुटुंबे आणि मंडळे इराणी खणीकडे, म्हणजे पाणी साचलेल्या जुन्या खाणीकडे, किंवा भागात ठेवलेल्या काहिलीकडे, म्हणजे पाण्याने भरलेल्या मोठ्या कढईकडे, वळतात. त्यासाठी प्रबोधन झाले, वाद झाले, हे खरे. पण त्या संध्याकाळी काहील भरलेली असते, निर्माल्य घ्यायला माणूस उभा असतो, मूर्ती न्यायला वाहन असते आणि हे दरवर्षी असते, म्हणून ते टिकले आहे. आमच्या मावशींनी मागितलेले तीन नळ आणि ही भरलेली काहील, यांत मला काहीच फरक दिसत नाही.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. आपले वार्ताहर ५ जूनला औद्योगिक वसाहतींत येतात, त्यांचे स्वागतच आहे. त्यांनी आणखी एकदा, येत्या फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी, कोणताही कार्यक्रम नसताना यावे. व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये न जाता आधी कॅन्टीनमध्ये चहा मागावा आणि तो कशात मिळतो ते पाहावे. मग मेंटेनन्सच्या खोलीत जाऊन हवेच्या लाइनचे कार्ड मागावे आणि जानेवारीची सही कोणाची आहे, ते विचारावे. ज्या कारखान्यात ती सही असेल, त्याचे नाव आणि सही करणाऱ्याचे छायाचित्र आपण पहिल्या पानावर छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त मेंटेनन्स इनचार्ज,
राजारामपुरी, कोल्हापूर